युद्धाचे नाव आणि इतिहासाचा पाठ : अमेरिकेतील यादवी युद्धाच्या अध्यापनाचा भाषिक विचार

परकीय सत्तेशी झालेल्या युद्धाचा इतिहास शिकविताना शिक्षकाची वाट तुलनेने सरळ असते. आक्रमण कोणी केले आणि प्रतिकार कोणी केला, हे बहुधा आधीच ठरलेले असते. शत्रुपक्षाची मुलेही त्या वर्गात बसलेली नसतात. अंतर्गत युद्धाची गोष्ट निराळी. तेथे दोन्ही पक्षांचे वंशज एकच पाठ्यपुस्तक हाती घेऊन बसतात. आणि ज्यांच्या भवितव्यावरून युद्ध पेटले त्यांचे वंशजही त्याच बाकांवर असतात. अशा वर्गात उच्चारला जाणारा प्रत्येक शब्द कोणाच्या तरी बाजूचा ठरतो. इ. स. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झालेल्या युद्धाच्या अध्यापनाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या युद्धाची कागदपत्रे विपुल आहेत आणि त्यातील मुख्य घटनांच्या तारखांविषयी वाद नाही. तरीही ते का झाले, या प्रश्नाची परस्परविरुद्ध उत्तरे शाळांतून शंभर वर्षांहून अधिक काळ पढविण्यात आली. हे कसे घडले आणि त्यात भाषेचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. घटनांची चौकट

६ नोव्हेंबर १८६० रोजी अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यावयाची नाही, ही त्यांच्या पक्षाची भूमिका होती. २० डिसेंबर रोजी साउथ कॅरोलायना राज्याने संघराज्यातून फुटून निघाल्याचे जाहीर केले. पाठोपाठ आणखी राज्ये निघाली आणि अखेरीस अकरा राज्यांचा निराळा संघ उभा राहिला. १२ एप्रिल १८६१ रोजी या संघाच्या तोफांनी चार्ल्सटन बंदरातील सम्टर किल्ल्यावर मारा केला व युद्धास तोंड लागले. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली यांनी शरणागती पत्करली. या चार वर्षांत किती सैनिक मृत्यू पावले याची जुनी गणना सुमारे ६,२०,००० अशी आहे. शिरगणतीच्या आकड्यांवरून २०११ साली मांडलेला अंदाज सुमारे ७,५०,००० असा आहे. १८६० च्या शिरगणतीप्रमाणे देशाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लाख होती आणि तीत सुमारे ३९ लाख ५० हजार माणसे गुलाम म्हणून नोंदलेली होती. ६ डिसेंबर १८६५ रोजी तेरावी घटनादुरुस्ती संमत झाली आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली.

इतका भाग निर्विवाद आहे. वाद सुरू होतो तो या घटनांच्या मालिकेला एक नाव द्यावयाचे ठरते तेव्हा.

२. नावांची निवड

विजयी केंद्रसत्तेच्या दप्तरात या घटनेचे नाव ‘बंडाळीचे युद्ध’ असे होते. सरकारने १८८० ते १९०१ या काळात दोन्ही बाजूंच्या सैन्यांची कागदपत्रे १२८ ग्रंथांत छापून काढली, तीही याच नावाखाली. ‘बंड’ म्हटले की एक सत्ता कायदेशीर ठरते व दुसरी बाजू गुन्हेगार ठरते. पराभूत दक्षिणेत हे नाव कोणास रुचणे शक्यच नव्हते. तेथे ‘राज्याराज्यांमधील युद्ध’ हा शब्दप्रयोग रुजला. या नावात दोन्ही पक्ष समान दर्जाचे, सार्वभौम, आणि म्हणून सारखेच सन्मान्य ठरतात. ‘राज्य’ हा शब्द पुढे आणला की राज्यघटनेचा तंटा पुढे येतो आणि मळ्यांवर राबणारी माणसे दृष्टीआड होतात.

सर्वमान्य झालेले तिसरे नाव लॅटिन परंपरेतील आहे. त्याचा मूळचा अर्थ नागरिकांनी आपसात केलेले युद्ध असा. हे नाव निःपक्षपाती वाटते. परंतु त्यातही एक गृहीत दडलेले आहे. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, आफ्रिकी वंशाची माणसे अमेरिकेची नागरिक होऊ शकत नाहीत. ‘नागरिकांचे युद्ध’ म्हणताच, त्या निर्णयाच्या भाषेत बोलावयाचे तर, जवळजवळ चाळीस लक्ष माणसे नावाच्या कक्षेबाहेर राहतात.

मराठीत रूढ झालेला ‘यादवी’ हा शब्द याहून अधिक बोलका आहे. महाभारताच्या मौसलपर्वात प्रभासक्षेत्री यादवांनी मद्याच्या धुंदीत एकमेकांचा संहार केला. त्या कथेत संहाराच्या मुळाशी शाप आहे; कोणत्याही पक्षाची बाजू न्यायाची नाही आणि मरणारे व मारणारे एकाच कुळातील आहेत. ‘यादवी’ म्हणताच मराठी वाचकाच्या मनात भावाने भावावर धरलेले शस्त्र आणि अटळ दुर्दैव एवढेच उभे राहते. अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर व दक्षिण येथील गौरवर्णीयांचा समेट होत असताना ‘भावाभावांचे युद्ध’ हीच प्रतिमा प्रिय झाली होती. दोन भाऊ भांडले, दोघेही शूर होते, आता दोघे एक झाले, असा तो समेट होता. ज्यांस कोणीच भाऊ मानले नव्हते त्यांस त्या समेटात स्थान नव्हते.

याचा अर्थ ही नावे टाकून द्यावीत असा नाही. रूढ शब्द सहजासहजी बदलत नाहीत. मात्र नाव हा पाठाचा आरंभ आहे, मथळा म्हणून पुढे ढकलण्याची गोष्ट नाही. १८५७ च्या घटनांस ‘शिपायांचे बंड’ म्हणावे की ‘स्वातंत्र्यसमर’, हा वाद ज्या वाचकास परिचित आहे त्याला हे वेगळे सांगावयास नको.

३. एकाच पुरुषाच्या दोन भाषा

युद्धाचे कारण शोधताना विद्यार्थ्याने प्रथम काय वाचावे? ज्यांनी फुटून निघण्याचा निर्णय केला त्यांचे त्या वेळचे शब्द, हे त्याचे साधे उत्तर होय. साउथ कॅरोलायना, मिसिसिपी, जॉर्जिया व टेक्सास या राज्यांनी आपल्या निर्णयाची कारणे देणारी स्वतंत्र निवेदने प्रसिद्ध केली. मिसिसिपीच्या निवेदनात आरंभीच सांगितले आहे की, आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. साउथ कॅरोलायनाची मुख्य तक्रार अशी की, उत्तरेकडील राज्ये पळून आलेले गुलाम परत करीत नाहीत.

याहूनही बोधप्रद उदाहरण अलेक्झांडर स्टीफन्स यांचे आहे. ते नव्या संघाचे उपाध्यक्ष होते. २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे केलेल्या भाषणात त्यांनी नव्या राज्यव्यवस्थेची कोनशिला कोणती हे स्पष्ट सांगितले : कृष्णवर्णीय मनुष्य गौरवर्णीयाच्या बरोबरीचा नाही आणि दास्य हीच त्याची स्वाभाविक स्थिती होय, हे तत्त्व. पराभवानंतर १८६८ व १८७० मध्ये याच स्टीफन्स यांनी युद्धावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. ‘राज्याराज्यांमधील युद्ध’ हे नाव त्याच्या मुखपृष्ठावरच आहे. त्यात प्रतिपादन असे की, झगडा दोन शासनतत्त्वांचा होता, एक संघराज्याचे व दुसरे केंद्रीकरणाचे. गुलामगिरी हे केवळ निमित्त.

बोलणारा एकच, विषय एकच. मध्ये सात वर्षे आणि एक पराभव. १८६१ साली जी कोनशिला होती ती १८६८ साली निमित्त झाली. हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचणे, हा या विषयाचा सर्वांत परिणामकारक पाठ ठरावा. शिक्षकाने स्वतःचे मत सांगण्याची आवश्यकता त्यात उरत नाही. पुरावा आणि आठवण यांतील अंतर विद्यार्थी स्वतःच मोजतो.

४. पाठ्यपुस्तकांवरील पहारा

तथापि शाळांत दीर्घकाळ पोचली ती १८६८ ची भाषा. ती आपोआप पोचली नाही. दक्षिणेकडील योद्ध्यांच्या कन्या व नाती यांची एक संघटना १८९४ मध्ये स्थापन झाली. तिने स्मारके उभारली, त्याचप्रमाणे पाठ्यपुस्तकांवरही लक्ष ठेवले. संघटनेच्या एके काळच्या इतिहासप्रमुख मिल्ड्रेड रदरफोर्ड यांनी पहिल्या महायुद्धानंतर लवकरच पुस्तके पारखण्याचे एक परिमाण छापून वाटले. दक्षिणेच्या सैनिकांस बंडखोर म्हणणारे, किंवा दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असे सांगणारे पुस्तक नाकारावे. ग्रंथालयात असे पुस्तक असल्यास त्यावर ते दक्षिणेस अन्याय करणारे आहे अशी नोंद करावी, असा त्याचा आशय होता. लक्षात घेण्याजोगे हे की, ही कसोटी प्रामुख्याने शब्दांची होती.

तिचे परिणाम दूरवर गेले. व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळाने १९५० मध्ये एक आयोग नेमून राज्याच्या इतिहासाची पाठ्यपुस्तके लिहवून घेतली. १९५७ च्या पुस्तकात आफ्रिकी कुटुंब नीटनेटक्या पोशाखात जहाजावर उभे आहे आणि मालक त्यांच्याशी हस्तांदोलन करीत आहे, असे चित्र होते. गुलाम सामान्यतः संतुष्ट असत, असा त्यातील पाठांचा सूर होता. ही पुस्तके १९७० नंतरही काही वर्षे वर्गांत होती. ज्या मुलाच्या पणजीची बाजारात विक्री झाली होती त्यालाही तोच पाठ वाचून परीक्षेत तेच उत्तर लिहावे लागे. इतिहासाच्या अध्यापनात पणाला काय लागते, हे या एका गोष्टीवरून ध्यानात येईल.

मिसिसिपीत १९७४ मध्ये जेम्स लोवेन व चार्ल्स सालिस यांच्या संपादनाखाली राज्याच्या इतिहासाचे एक निराळे पाठ्यपुस्तक सिद्ध झाले. राज्याने त्यास मान्यता नाकारली. जमावाने केलेल्या एका हत्येचे छायाचित्र त्यात होते, यालाही आक्षेप होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८० मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने, ही नकाराची कारणे ग्राह्य नाहीत, असा निकाल देऊन पुस्तक मान्य यादीत घालण्यास सांगितले. टेक्सासने २०१० मध्ये ठरविलेल्या अभ्यासक्रमात युद्धाची कारणे प्रादेशिक अभिमान, राज्यांचे हक्क आणि गुलामगिरी अशा क्रमाने दिली होती. २०१८ मध्ये तो बदलून गुलामगिरीच्या विस्तारास मध्यवर्ती स्थान देण्यात आले. केवळ शब्दांचा क्रम बदलण्यास आठ वर्षे लागली.

५. वाक्यरचनेतील इतिहास

नावाइतकीच वाक्याची घडणही अर्थ ठरविते. २०१५ मध्ये टेक्सासमधील एका भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात, गुलामांच्या व्यापाराने आफ्रिकेतून लक्षावधी ‘कामगार’ मळ्यांवर काम करण्यासाठी आणले, असे नकाशाखालील ओळीत छापले होते. एका विद्यार्थ्याच्या आईने ते निदर्शनास आणल्यावर प्रकाशकाने चूक मान्य करून मजकूर सुधारला. ‘कामगार’ या शब्दाला वेतन, करार आणि काम सोडण्याची मुभा हे अर्थ चिकटलेले आहेत. व्यापार हा शब्द त्याच ओळीत असूनही एका नामाने त्याचे स्वरूप पालटले.

दुसरा प्रकार कर्त्याच्या लोपाचा. ‘गुलाम आणले गेले’, ‘कुटुंबे विभागली गेली’ अशा कर्मणिरचनेत आणणारा व विभागणारा यांचा उल्लेख करावा लागत नाही. ‘युद्ध पेटले’ या अकर्मक क्रियापदात तर पेटविणाराच नाही. हे प्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत आणि कित्येकदा सोयीचेही. परंतु पानामागून पान याच रीतीने लिहिले म्हणजे इतिहासात माणसे उरत नाहीत, केवळ घटना उरतात. ‘हे कोणी केले?’ असा प्रश्न प्रत्येक कर्मणि वाक्यास विचारणे, हा व्याकरणाचा अभ्यास इतिहासाच्या तासाला सहज करवून घेता येण्याजोगा आहे.

तिसरा प्रकार समूहनामाचा. ‘दक्षिणेने ठरविले’ या वाक्यात दक्षिण म्हणजे कोण? फुटून निघालेल्या अकरा राज्यांत सुमारे ९१ लाख लोक राहत होते आणि त्यांपैकी सुमारे ३५ लाख गुलाम होते. साउथ कॅरोलायना व मिसिसिपी या राज्यांत तर निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामांची होती. त्यांना कोणीच विचारले नव्हते. म्हणून ‘साउथ कॅरोलायनाने ठरविले’ हे विधान त्या राज्यातील अल्पसंख्याकांविषयीचे विधान आहे.

चौथा प्रकार अपुऱ्या नामाचा. ‘राज्यांचे हक्क’ हा शब्दसमूह पुरा वाटतो. परंतु हक्क म्हटला की तो कशाचा, ही आकांक्षा शिल्लक राहतेच. ती पुरी करताच वादाचे स्वरूप उघड होते. १८५० च्या फरारी गुलामविषयक कायद्याने केंद्रसत्ता उत्तरेकडील राज्यांवर गुलाम पकडून देण्याची सक्ती करीत होती, आणि दक्षिणेची मागणी ती सक्ती अधिक कठोर करण्याची होती. येथे राज्यांच्या हक्कांचा आधार उत्तरेकडील राज्ये घेत होती. शिवाय मार्च १८६१ मध्ये केलेल्या दक्षिणेच्या घटनेने, गुलामांवरील मालकीस बाध आणणारा कायदा करण्याची आपल्या विधिमंडळास मनाई केली होती.

६. कारण आणि हेतू

इतके सांगितल्यावर उलट बाजूची सुलभ कथाही तपासून पाहिली पाहिजे. उत्तरेने गुलामांच्या मुक्ततेसाठी शस्त्र उचलले, असे सरसकट म्हणता येत नाही. मिझुरी, केंटकी, मेरिलंड व डेलावेअर ही चार गुलामगिरीची राज्ये संघराज्यातच राहिली होती. ऑगस्ट १८६२ मध्ये लिंकन यांनी एका संपादकास लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात, संघराज्य टिकविणे हे आपले मुख्य ध्येय असल्याचे सांगितले. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेनंतर युद्धाचे ध्येय व्यापक झाले आणि पुढे सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या फौजेत दाखल झाले.

‘युद्ध का झाले?’ या प्रश्नातील ‘का’ दुहेरी आहे. तो कारणही विचारतो व हेतूही. राज्ये का फुटली, केंद्रसत्तेने ती फूट शस्त्राने का मोडली, आणि सामान्य सैनिक रणांगणावर का गेला, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर गुलामगिरीचे रक्षण, दुसऱ्याचे आरंभी संघराज्याचे ऐक्य, आणि तिसऱ्याची उत्तरे प्रदेश, वय, गरिबी, सक्तीची भरती यांप्रमाणे अनेक. सैनिकाचे वैयक्तिक शौर्य पुढे करून पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाकणे, हा जुन्या पाठ्यपुस्तकांचा नित्याचा मार्ग होता. प्रश्न वेगळे केले की, एखाद्याचा पूर्वज शूर होता आणि त्याचा पक्ष अन्यायाचा होता, ही दोन्ही विधाने एकाच वर्गात शांतपणे करता येतात.

७. अनुपस्थितांची साक्ष

गुलामांच्या स्वतःच्या शब्दांत हा इतिहास कोठे सापडतो? अडचण मुळातच आहे. दक्षिणेकडील कित्येक राज्यांत गुलामांस लिहावयास शिकविणे हाच गुन्हा होता. साउथ कॅरोलायनाने तर १७४० मध्येच तशी मनाई केली होती. असे असता ज्यांनी लिहिले त्यांच्या साक्षीचे मोल मोठे आहे. दास्यातून पळालेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८७८ मध्ये न्यू यॉर्क येथील भाषणात बजावले होते की, समेटाच्या भरात या युद्धाला न्यायाची व अन्यायाची अशा दोन बाजू होत्या हे विसरले जाऊ नये. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९३५ च्या आपल्या बृहद्ग्रंथात युद्धोत्तर पुनर्रचनेचा इतिहास कृष्णवर्णीयांच्या बाजूने मांडला आणि शेवटच्या प्रकरणात तत्कालीन पाठ्यपुस्तकांची झडती घेतली.

१९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेखाली पूर्वीच्या गुलामांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती नोंदविण्यात आल्या. हे साधन अमोल आहे, परंतु ते वाचावयास शिकावे लागते. सांगणारे त्या वेळी अतिवृद्ध होते; त्यांपैकी बहुतेकांनी दास्य पाहिले ते बालपणी. विचारणारे बहुतांशी गौरवर्णीय होते, कधी त्याच गावातील. त्यांच्यासमोर जुन्या मालकाविषयी सर्व काही बोलणे सुरक्षित नव्हते. भाषेच्या अभ्यासकास आणखी एक गोष्ट जाणवते. मुलाखतीतील बोलीचे लेखन विचारणाऱ्याच्या कानावर आणि पूर्वग्रहावर अवलंबून होते. सर्वसामान्य उच्चारही चमत्कारिक वर्णांनी लिहून दाखविण्याची प्रवृत्ती इतकी होती की, या योजनेतील कृष्णवर्णीय संपादक स्टर्लिंग ब्राउन यांना बोलीलेखनाविषयी सूचना द्याव्या लागल्या. साक्ष छापली गेली तरी ती सांगणाऱ्याच्या शब्दांत छापली गेली असे गृहीत धरता येत नाही, हा पाठ सर्वच मौखिक इतिहासास लागू आहे.

८. मराठीतील दोन वाटा

या युद्धाची वार्ता महाराष्ट्रात प्रथम आली ती बाजारभावाच्या रूपाने. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना. मुंबईच्या कापसास अपूर्व तेजी आली, भागभांडवलाच्या कंपन्यांचे पेव फुटले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो डोलारा कोसळला. या वाटेने पाहणाऱ्यास ते युद्ध दूरदेशीची यादवी होते. त्यातील माणसे कोण, हे विचारण्याचे त्याला प्रयोजन नव्हते.

दुसरी वाट जोतीराव फुले यांची. युद्ध संपल्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, प्रसिद्ध झालेला आपला ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांस, गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी दाखविलेल्या निरपेक्ष वृत्तीबद्दल, अर्पण केला. ग्रंथाचे नाव ‘गुलामगिरी’. अमेरिकेतील शाळा तोच शब्द पाठातून मागे सारीत असता, मराठीत तो मुखपृष्ठावर आला. उत्तरेच्या हेतूंविषयी जोतीरावांची समजूत उदार होती, असे आजच्या माहितीवरून म्हणता येईल. पण ते युद्ध कोणाविषयी होते, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

या दोन वाटा मराठी विद्यार्थ्यास आजही मोकळ्या आहेत. ‘यादवी’ हा शब्द पाठाच्या मथळ्यावर राहील. तो काढण्याचे कारण नाही. त्याच्या खाली पहिल्याच तासाला तीन गोष्टी फळ्यावर लिहाव्यात : हे नाव कोणी दिले, ते केव्हा दिले, आणि या नावात कोण मावत नाही. ज्या राष्ट्रात अंतर्गत युद्ध झाले आहे तेथील कोणत्याही वर्गात हे तीन प्रश्न विचारता येतील. त्यांची उत्तरे शोधताना विद्यार्थी मूळ कागदापर्यंत पोचला, म्हणजे इतिहास शिकविण्याचे काम पुष्कळसे पार पडले असे समजावे.